भेटपत्रिकेची बखर

राजवंशांच्या बखरी झाल्या, किल्ल्यांचे इतिहास झाले, घराण्यांचे कुलवृत्तांतही छापून निघाले. परंतु बहुतेकांच्या खिशात जो साडेतीन इंच लांब व दोन इंच रुंद असा पुठ्ठ्याचा तुकडा असतो, त्याची बखर लिहावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ग्रांथिक मराठीत त्याला भेटपत्रिका म्हणावे. व्यवहारात आपण सारे त्याला नुसते ‘कार्ड’ म्हणतो. वस्तू क्षुद्र खरी. पण परमुलखात राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तिचे महत्त्व थोडे नाही. गावात असताना आपल्याला कार्ड लागत नाही. तेथे वडिलांचे नाव सांगितले, वाडा सांगितला, की ओळख पटते. उंबरठा ओलांडून दूर गेलेल्या माणसालाच ‘आपण कोण?’ या प्रश्नाचे उत्तर लेखी बाळगावे लागते. म्हणून आपल्या मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी अंकात, आम्ही पेरुंगुडीकर मराठी मंडळी या लहानशा वस्तूचा थोडा इतिहास वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

आपले नाव थोडक्या जागेत, सुंदर आणि लक्षात राहील असे मांडण्याची कला आपण विलायतेकडून शिकलो, असा एक समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. शिवछत्रपतींची राजमुद्रा डोळ्यांपुढे आणावी. ती अष्टकोनी आहे, आणि १६४६ सालच्या पत्रावर ती आढळते. दक्खनच्या सरदारांच्या मुद्रा त्या काळी बहुधा फारसीत असत. ही मात्र संस्कृतात आहे. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी, जगाला वंद्य होणारी, शहाजीपुत्र शिवाजीची ही मुद्रा लोककल्याणासाठी शोभते, असा तिचा आशय. विचार केला म्हणजे नवल वाटते. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि अंगीकारलेले कार्य, एवढेच त्या मुद्रेत आहे. पदव्यांची माळ नाही, ऐश्वर्याचे वर्णन नाही. पत्राच्या शेवटी उमटणारी छोटी मुद्रा तर अवघ्या दोन शब्दांची. येथे मजकुराची मर्यादा झाली, एवढेच ती सांगते. उत्तम भेटपत्रिकेचे दोन्ही नियम येथे आले: कोण आणि कशासाठी हे सांगावे, आणि योग्य ठिकाणी थांबावे.

मोडी पत्रव्यवहारात मुद्रेइतकेच महत्त्व मायन्याला होते. ‘राजमान्य राजश्री’ कोणास लिहावे, ‘तीर्थस्वरूप’ कोणास, ‘चिरंजीव’ कोणास, याचे नियम ठरलेले असत. मायना वाचताच लिहिणारा आणि वाचणारा एकमेकांपासून किती अंतरावर उभे आहेत ते कळे. आजच्या कार्डावर नावाखाली जो हुद्दा छापतात, तो या मायन्याचाच दूरचा भाऊबंद होय.

युरोपात या वस्तूचे दोन प्रवाह होते. एक व्यापाऱ्याचा, दुसरा खानदानी गृहस्थाचा. लंडनचे दुकानदार सतराव्या-अठराव्या शतकांत कोरीव चित्रांची कार्डे गिऱ्हाइकांना देत. घरांना क्रमांक देण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. म्हणून अमुक चिन्हाच्या पाटीजवळ, तमुक चर्चच्या समोर, अशा खुणा कार्डावर असत. विल्यम होगार्थ हा पुढे विख्यात झालेला चित्रकार; त्याने १७२० साली धंदा सुरू करताना स्वतःचे दुकानाचे कार्ड स्वतः कोरले. दुसरा प्रवाह भेटीच्या कार्डाचा. त्यावर फक्त नाव. यजमान घरी नसला तर ते चाकराजवळ ठेवून परतायचे.

हा दुसरा प्रवाह साहेबाबरोबर हिंदुस्थानात आला आणि येथे त्याला विचित्र रूप आले. नव्याने आलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याने जुन्या रहिवाशांच्या बंगल्यांवर आधी स्वतः जाऊन कार्ड ठेवायचे, असा रिवाज पडला. तोही भर दुपारच्या उन्हात. बंगल्याच्या फाटकाशी ‘नॉट ॲट होम’ अशी अक्षरे असलेली पत्र्याची पेटी टांगलेली असे. साहेब आणि मडमेम आत पंख्याखाली बसलेली असली तरी पेटीचा अर्थ ‘आम्ही घरी नाही’ असा. पाहुण्याने कार्ड आत टाकावे आणि घोडा वळवावा! माणसाऐवजी माणसाचे नावच भेटून येते, ही कल्पना तेव्हापासून आपल्याकडच्या शिकलेल्या वर्गातही रुजली.

आता तमिळ देशातल्या मराठी माणसाकडे वळू. व्यंकोजी राजांनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात तंजावर घेतले आणि कावेरीच्या काठी मराठी बोलणारी हजारो घरे वसली. या घरांनी आपल्या नावाचा आणि लिपीचा जो अभिमान बाळगला त्याची साक्ष आजही दगडात कोरलेली आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली दुसऱ्या सरफोजी राजांनी भोसले वंशाचे चरित्र मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरविले. त्याआधी चारच वर्षांपूर्वी, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीकडे गेलेला होता. हाती सत्ता उरली नाही तेव्हा राजाने भिंतीवर आपला वंश लिहून ठेवला, ही गोष्ट दूरदेशी राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने मनन करावी अशी आहे.

याच राजाने १८०५ साली तंजावरात देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला. ‘नवविद्याकलानिधी’ हे त्याचे नाव. पुढच्याच वर्षी तेथून इसापच्या नीतिकथांचा मराठी अवतार ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने निघाला. याच सुमारास बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी आपले मराठी व्याकरण छापले, तेही १८०५ सालीच. म्हणजे खिळे जुळवून देवनागरी मराठी छापण्याचा आरंभ कृष्णा-गोदेच्या काठी झाला नाही. तो हुगळीच्या आणि कावेरीच्या काठी, परमुलखात झाला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी पहिले मराठी पंचांग छापले ते १८३१ साली, आणि जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना निघाला तो १८६९ साली. निर्णयसागरच्या रेखीव टाइपाने पुढे देशभर देवनागरीचे वळण ठरविले; परंतु पहिली वाट दूरच्या मराठी माणसाने पाडली, हे आपण विसरू नये.

मग असे असताना दक्षिणेतल्या मराठी माणसाचे कार्ड रोमन लिपीत का गेले? त्याचे एक कारण छापखान्याच्या खणांत आहे. रोमन लिपीला अक्षरांचे खण थोडे पुरतात. देवनागरीला काना, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे शेकडो खण लागत. लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषाने राजकारणाच्या धकाधकीतून वेळ काढून खिळ्यांची संख्या कमी कशी करावी याचा विचार केला, तो उगीच नव्हे. शंभर कार्डांच्या कामासाठी तमिळ मुलखातल्या साध्या छापखानदाराने देवनागरीची केस बाळगावी, ही अपेक्षाच अवाजवी होती. गिरगावात किंवा अप्पा बळवंत चौकात जे काम जुळारी हसतखेळत करी, ते जॉर्जटाऊनच्या गल्लीत अवघड होते. लिपी अशी सोयीपायी गेली. कोणी ती हिरावून घेतली नाही.

लिपीमागोमाग नावाचा क्रम बदलला. आपल्याकडे स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. तमिळ रीतीत आधी आद्याक्षर, गावाचे किंवा वडिलांचे, आणि मग स्वतःचे नाव. आडनाव बहुधा नाहीच. तंजावरी मराठ्यांनी हळूहळू ही रीत उचलली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी गाजविणारे सर टी. माधवराव हे कुंभकोणमच्या मराठी घराण्यातले. त्यांच्या नावातील ‘टी’ म्हणजे तांजोर, अर्थात तंजावर. पुढच्या पिढीतले व्ही. पी. माधवराव १९०६ ते १९०९ या काळात म्हैसूरचे दिवाण होते; त्याआधी त्रावणकोरचे, आणि पुढे बडोद्याचेही झाले. त्यांच्या नावातील ‘व्ही’ म्हणजे विश्वनाथ, आणि ‘पी’ म्हणजे पाटणकर! सह्याद्रीच्या कुशीतल्या पाटण गावाची आठवण सांगणारे आडनाव एका अक्षरात मिटून गेले आणि त्यापुढे एक टिंब उरले. ज्याला ठाऊक आहे त्याला त्या टिंबात गाव दिसते. ज्याला ठाऊक नाही त्याला ते केवळ टिंब. एक पिढी संक्षेप करते, दुसरी तो वापरते, आणि तिसरीला त्याचा विस्तार विचारला तर सांगता येत नाही; असा हा क्रम आहे.

येथे न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तमिळ समाजाने आडनाव टाकले ते अनवधानाने नव्हे. १९२९ साली चेंगलपट्टू येथे भरलेल्या स्वाभिमान परिषदेने जातिवाचक उपनामे सोडून द्यावीत असा ठराव केला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तो आचरणात आणला. कार्डावरचे नाव वाचून समोरच्याची जात कळू नये, हा त्यामागचा हेतू उदात्तच म्हटला पाहिजे. आपल्या आडनावांतही अनेक वेळा जात डोकावते हे नाकारण्यात अर्थ नाही. तेव्हा आडनाव राखणारा श्रेष्ठ आणि सोडणारा कनिष्ठ, असा आमचा मुळीच दावा नाही. आमचे म्हणणे इतकेच की, सोडायचे तर जाणूनबुजून सोडावे आणि राखायचे तरी जाणूनबुजून राखावे. छापील अर्जातल्या रकान्यांनी आपले नाव ठरवू नये.

नावांची देवघेव कशी चालते याचे एक मौजेचे उदाहरण चेन्नईतच आहे. सी. एन. अण्णादुरै यांनी शिवछत्रपतींवर तमिळ नाटक लिहिले. त्यात महाराजांची भूमिका करणाऱ्या गणेशन नावाच्या तरुण नटाला पेरियार ई. वे. रामस्वामी यांनी ‘शिवाजी’ असे नाव दिले, आणि शिवाजी गणेशन या नावाने तो तमिळ चित्रसृष्टीचा सम्राट झाला. पुढे बंगळूरच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड नावाचा तरुण चित्रपटांत आला. त्या नावाचा एक थोर नट आधीच होता. तेव्हा दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्याचे नाव रजनीकांत ठेवले. १९७५ साली ‘अपूर्व रागंगळ’ या चित्रपटातून तो पडद्यावर आला, आणि पुढचे सर्वश्रुत आहे. तमिळ माणूस मराठी नावाने अमर झाला आणि मराठी माणूस ते नाव बाजूला ठेवून! स्मरणात राहणे म्हणजे वेगळे दिसणे, एवढा धडा कार्ड छापणाऱ्यानेही यातून घ्यावा.

आता आमच्या पेरुंगुडीविषयी. तमिळ भाषेत ‘पेरुम्’ म्हणजे मोठा आणि ‘कुडी’ म्हणजे घर, कुळ, वस्ती. मोठे कुळ नांदते ते पेरुंगुडी. आपल्या मराठीत कुडी म्हणजे देह. दोन्ही अर्थ जवळ ठेवले तर मोठे गोड वाटतात. पल्लिकरणैच्या पाणथळीच्या कडेला, महाबलीपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचे हे गाव २०११ साली चेन्नई महानगरपालिकेत सामील झाले. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून हा रस्ता संगणक-व्यवसायाचा राजमार्ग झाला, आणि पुण्यामुंबईकडची, नागपूर-कोल्हापूरकडची तरुण मंडळी येथे नोकरीधंद्यासाठी उतरली. काचेच्या उंच इमारतींत रोज कार्डांची देवाणघेवाण होते. त्याच गावातल्या औद्योगिक वसाहतीत लहान कारखानदार आपली कार्डे काउंटरवर ठेवून असतात. त्यावर बहुधा ‘जुना नंबर’ आणि ‘नवा नंबर’ असे दोन घरक्रमांक छापलेले दिसतील. ही चेन्नईची खासियत! घराला दोन क्रमांक चालतात, तर नावाला दोन लिप्या का चालू नयेत, असा प्रश्न आम्हांला ती कार्डे पाहून नेहमी पडतो.

कारण रोमन लिपी आपल्या नावांची काय अवस्था करते ते पाहावे. रोमनमध्ये ‘मोडक’ आणि ‘मोदक’ एकच. ‘काळे’ आणि ‘काले’ एकच, कारण त्या लिपीत ‘ळ’ नाही. ‘दाते’ हे आडनाव इंग्रज वाचक ‘डेट’, म्हणजे तारीख, असे वाचतो. तमिळ मुलखात आणखी एक भर पडते. तेथील रोमन लेखनपद्धतीत नुसता ‘टी’ म्हणजे ‘ट’, आणि त्याला ‘एच’ जोडला की ‘त’; म्हणून तेथल्या गीता आणि लता आपल्या नावात एक ‘एच’ जादा लिहितात. त्या नियमाने आपले ‘साठे’ हे ‘साते’ होतात. दोष कोणाचाच नाही. दोन भाषा एका परक्या लिपीतून एकमेकींना हाक मारीत आहेत, इतकेच.

तमिळ बंधूंचीही हीच तऱ्हा आहे. त्यांच्या भाषेत जो खास मूर्धन्य ‘ऴ’ आहे, तो रोमनमध्ये ‘झेड’ आणि ‘एच’ या अक्षरांनी दाखवितात. परिणामी ‘कनिमोऴी’ या नावाचे आपली मराठी वृत्तपत्रे ‘कनिमोझी’ करतात. थेट देवनागरीत लिहिते तर नाव पुष्कळ शुद्ध राहिले असते.

याउलट आपले नाव तमिळ लिपीत लिहून पाहावे. त्या लिपीत ‘ख’, ‘घ’, ‘भ’ अशी महाप्राण अक्षरे नाहीत आणि ‘क’ व ‘ग’ यांना एकच चिन्ह आहे, ही अडचण खरी. घाटगे आणि भागवत यांना तेथे थोडा त्याग करावा लागतो. परंतु ‘ट’ आणि ‘त’ वेगळे राहतात, ‘न’ आणि ‘ण’ वेगळे राहतात, आणि ज्या ‘ळ’ साठी मराठी माणसाचा जीव तुटतो तो ‘ळ’ तमिळमध्ये सुखरूप नांदतो. काळे, टिळक, साळवी, गाडगीळ यांचा ‘ळ’ जो साहेबाच्या लिपीत हरवला, तो शेजाऱ्याच्या लिपीत सापडतो. परमुलूख आपले नाव पुसून टाकतो अशी तक्रार आपण करतो. पण त्या मुलखाची लिपी आपले नाव किती आपुलकीने जपते, हे पाहण्याची तसदी आपण घेत नाही.

खिळ्यांची अडचण तर आता उरलेलीच नाही. थोर सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातून संगणकासाठी ‘मंगल’ हा देवनागरी अक्षरसंच उतरला आणि कोणत्याही गावच्या संगणकावर मराठी दिसू लागले. कमल शेडगे यांनी नाटकांची आणि नियतकालिकांची नावे अशा वळणांत रेखाटली की अक्षर पाहूनच विषय कळावा. एवढा वारसा हाताशी असताना मराठी व्यावसायिकाचे कार्ड निव्वळ रोमन आणि निरस असावे, हे खेदजनक आहे.

लक्षात राहणारे कार्ड कसे असावे, याविषयी अनुभवाचे चार शब्द सांगून आम्ही आवरते घेतो. सोनेरी वर्ख, उठावाची छपाई, चित्रविचित्र आकार यांनी कार्ड क्षणभर नजरेत भरते. पाकिटात न मावणारे कार्ड मात्र प्रथम हरवते. मोकळी जागा हा कार्डाचा खरा अलंकार. नाव सर्वांत ठळक असावे, हुद्दा त्याहून लहान, आणि संस्थेचे चिन्ह नावावर कुरघोडी करणारे नसावे. एका बाजूस रोमन, आणि दुसऱ्या बाजूस वर तमिळ व खाली देवनागरी अशी योजना उत्तम. तमिळ आधी, कारण आपण त्या घरचे पाहुणे म्हणून आलो आणि कुटुंबीय झालो. देवनागरीत मराठी वळणाचेच ‘ल’ आणि ‘श’ निवडावेत. गोऱ्हे, कुऱ्हाडे अशा नावांतला अर्धा ‘र’ संगणक अनेकदा मोडतो. छापण्यापूर्वी तो डोळ्यांत तेल घालून तपासावा. तमिळ अक्षरे तमिळ शेजाऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावीत. त्याच्या तोंडून आपले नाव बरोबर उमटले की कार्ड जमले असे समजावे. आणि वडिलांचे नाव वा गाव आद्याक्षरात मिटवायचे असेल, तर घरातल्या मुलांना त्या टिंबाचा अर्थ एकदा तरी सांगून ठेवावा.

आता मोबाइलवर चौकोनी नक्षी दाखविली की पत्ता आपोआप दुसऱ्याच्या यंत्रात उतरतो. पुठ्ठ्याचे कार्ड कदाचित उद्या संग्रहालयात जाईल. परंतु यंत्रातही नाव कोणीतरी लिहावेच लागणार, आणि ते कसे लिहायचे हा प्रश्न जुनाच राहणार. सरफोजी राजांनी आपले नाव दगडात राखले. आपल्याजवळ दगड नाही, साडेतीन इंचांचा पुठ्ठा आहे. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत येथे जन्मणाऱ्या मुलांना स्वतःचे पूर्ण नाव तीन लिप्यांत, न अडखळता लिहिता यावे, एवढीच या शुभप्रसंगी आमची प्रार्थना आहे.